जुन्या इलेक्ट्रिक गिटारचा रंग उडालाय: हात लावायचा की नाही?

थिनरचा बोळा लाल झाला तेव्हा माझी ट्यूब पेटली की निघतोय तो स्टिकरचा डिंक नाही, रंग आहे.

गिटार होती १९६९ ची गिब्सन एसजी, चेरी रंगाची. मेहुण्याने न्यू जर्सीत एका निवृत्त गृहस्थांकडून घेतली आणि सुट्टीत येताना पुण्याला आणली. पाठीवर कुठल्याशा कॉलेजचा स्टिकर होता. तो मी नखाने काढला, मागे चिकट डिंक राहिला. घरी नुकतंच कपाटाला पॉलिश झालं होतं आणि माळ्यावर थिनरची अर्धी बाटली शिल्लक होती. पुढचं सांगायला नको. रुपयाच्या नाण्याएवढा फिकट ठिपका आजही तिच्या पाठीवर आहे.

बाटलीवर स्पष्ट लिहिलं होतं, 'एनसी थिनर'. एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोज. मिशिगन राज्यातल्या कॅलमझूच्या कारखान्यात या गिटारवर मारलेलं लॅकरही नायट्रोसेल्युलोजचंच. म्हणजे त्या लॅकरला विरघळवायला जे बनवलेलं असतं, नेमकं तेच मी त्याच्यावर चोळत होतो.

तुमच्या हाती अशी एखादी जुनी गिटार आली असेल आणि तिचे टवके, चरे, बक्कल घासून उघडं पडलेलं लाकूड बघून हात शिवशिवत असतील, तर हे तुमच्यासाठी. माझं मत आधीच सांगून टाकतो. जे केलेलं परत फिरवता येतं तेवढं बिनधास्त करा. पुसणं, स्क्रू घट्ट करणं, तारा बदलणं. रंगाची पाळी सगळ्यात शेवटी, आणि बहुतेक वेळा ती येऊच द्यायची नाही. अपवाद आहेत, आणि त्यात मी स्वतः वॉटर पेपर (रंग घासायचा कागद) घेऊन बसलोही आहे.

केस उघडायची घाई नको

गिटार परदेशातून किंवा थंड भागातून आली असेल तर केस, म्हणजे गिटारची पेटी, आहे तशी बंद ठेवा, निदान एक दिवस. विमानाच्या पोटात ती गारठलेली असते. इथल्या उबदार खोलीत एकदम उघडली की लाकूड आणि लॅकर वेगवेगळ्या वेगाने फुगतात आणि जुनं, ठिसूळ झालेलं नायट्रो तडकतं. बॉडीवर आडव्या, केसासारख्या बारीक भेगा दिसतात त्या बहुधा अशाच आलेल्या असतात. साठ वर्षांत न आलेल्या भेगा मुंबईच्या विमानतळावरून घरी पोचल्यावर पाच मिनिटांत आणायच्या म्हणजे कमालच.

उघडल्यावर फडकं नाही, आधी फोन हातात घ्या. दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ फोटो काढा. पुढून, पाठीमागून, चारही कडा, हेडस्टॉक (खुंट्या असतात ते टोक) दोन्ही बाजूंनी, नेक, म्हणजे लांब दांडी, जिथे बॉडीला मिळते तो सांधा. मग एकेक टवका, शेजारी नाणं ठेवून, म्हणजे आकार कळतो. हे सगळं पुसायच्या आधी. पुढे कुणी विचारलं की हा चरा तुमच्याकडे आल्यावर पडला का, तर दाखवायला काहीतरी हवं.

ही बाई नेमकी कोण?

आमच्याकडे गिटारला बाईच म्हणतात. तिचं वय आणि घराणं कळल्याशिवाय रंगाचा निर्णय घेताच येत नाही. ढोबळ चार प्रकार धरा.

पहिला, १९५० आणि ६० च्या दशकातल्या अमेरिकन गिटार, मूळ रंगासकट. फेंडरची टेलिकास्टर, १९५४ पासूनची स्ट्रॅटोकास्टर, गिब्सनची १९५२ पासूनची लेस पॉल, तिच्यामागून आलेली एसजी. यातही फेंडरच्या बाबतीत १९६५ हे साल संग्राहकांच्या तोंडी सतत येतं, कारण त्या जानेवारीत सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीने १.३ कोटी डॉलरला फेंडर विकत घेतली. त्याआधीच्या गिटारला 'प्री-सीबीएस' म्हणतात आणि भाव त्या एका शब्दाने बदलतो.

दुसरा प्रकार, सत्तरच्या दशकातल्या आणि जपानमधल्या. फेंडर जपान १९८२ मध्ये सुरू झाली. मात्सुमोतोच्या फुजिगेन कारखान्यात बनलेल्या सुरुवातीच्या गिटारचे नंबर 'जेव्ही' अक्षरांनी सुरू होतात. एकेकाळी स्वस्तातला पर्याय म्हणून घेतल्या गेल्या, आता लोक शोधत फिरतात.

तिसरा, अलीकडच्या साध्या वापरलेल्या गिटार. चौथा, कितीही जुनी असली तरी कुणीतरी आधीच रंग बदललेली.

वय कसं काढायचं? नुसत्या सिरियल नंबरवर विसंबू नका. साठच्या दशकात गिब्सनने तेच नंबर पुन्हा पुन्हा वापरलेत. फेंडरमध्ये तर नंबराच्या प्लेटी डब्यातून हाताला येईल तशा लावल्या जायच्या. जास्त भरवशाचे म्हणजे आतले पॉट, आवाज कमीजास्त करणाऱ्या बटणांखालचे. त्यांच्या पाठीवर आकडे ठोकलेले असतात. ३०४६४१२ असं दिसलं तर ३०४ म्हणजे स्टॅकपोल ही बनवणारी कंपनी, ६४ म्हणजे १९६४, १२ म्हणजे बारावा आठवडा. सुरुवात १३७ ने असेल तर कंपनी सीटीएस. यावरून एवढंच कळतं की गिटार त्याआधीची नाही. कधी कधी पॉट खोक्यात वर्षभर पडून राहायचे. फेंडरच्या नेकच्या बुडाला तारखेचा शिक्काही असतो, पण तो बघायला नेक उतरवावी लागते. पहिल्याच दिवशी तो उद्योग नको. आणि आत डोकावताना डाग, म्हणजे सोल्डरिंग, अजिबात हलवायचं नाही. कारखान्यातला न उघडलेला डाग हा सुद्धा मोलाचा पुरावा असतो.

आता हिशेब. पहिल्या प्रकारातल्या गिटारचा रंग काढून नवा मारला की किंमत साधारण निम्म्यावर येते, असा जुन्या गिटार विकणाऱ्यांचा ठोकताळा आहे. नवा रंग कितीही देखणा असो. आणि याची दुसरी बाजूही नीट लक्षात घ्या, कारण नवखे लोक इथे उलटं ऐकून येतात. झिजलेली गिटार ही कोऱ्या, जपलेल्या गिटारपेक्षा स्वस्तच असते. झीज म्हणजे काही सोनं नव्हे. फक्त झीज जेवढी किंमत कमी करते त्याच्या कितीतरी पट जास्त तो नवा रंग करतो.

अंगावर काय आहे: नायट्रो की पॉली?

जुन्या गिब्सन, नायट्रो. गिब्सनच्या अमेरिकन गिटारवर आजही तेच. फेंडरने मात्र १९६८ च्या सुमारास वरचा थर पॉलिएस्टरचा, म्हणजे पॉलीचा, केला. सत्तरच्या दशकातल्या फेंडर म्हणूनच काचेचं जाड आवरण घातल्यासारख्या दिसतात. जपानी गिटारही बहुतेक पॉलीच्या.

दोघांची म्हातारपणाची तऱ्हा वेगळी. नायट्रो पातळ असतं, हाताच्या घामाने हळूहळू विरतं, पिवळं पडतं, त्याला बारीक भेगा जातात. पॉली झिजत नाही, ते फुटतं. पडलं की काचेसारखा टवका उडतो आणि कडा धारदार राहते. बॉडीवर मऊ, उतरत गेलेली झीज दिसली तर नायट्रो, तीक्ष्ण कडेचे खड्डे दिसले तर पॉली, हे नव्वद टक्के वेळा बरोबर निघतं.

दुकानदार नोटा तपासायला जांभळी बत्ती ठेवतात ना, ती दोनशे-तीनशे रुपयांची छोटी टॉर्च घ्या. अंधाऱ्या खोलीत जुनं नायट्रो तिच्याखाली हिरवट-पिवळं उजळतं. मध्येच काळपट किंवा वेगळा पट्टा दिसला तर तिथे नंतर कुणीतरी हात मारलाय. विकत घ्यायच्या आधीच ही बत्ती फिरवली तर अनेक गोड गोष्टी आपोआप उघड्या पडतात.

रंगाबद्दल एक. साठच्या दशकातले फेंडरचे खास रंग हे मोटारींचे रंग होते, ड्यूपाँटचे ड्युको आणि ल्युसाइट. फिएस्टा रेड फोर्डच्या थंडरबर्डवरून आला, लेक प्लॅसिड ब्लू कॅडिलॅकवरून. वरचं पारदर्शक लॅकर पिवळं पडलं की निळी गिटार हिरवट दिसते आणि ऑलिंपिक व्हाइट सायीच्या रंगाची होते. मालकाला वाटतं मळलीय, आणि तो घासायचं कंपाउंड मारून ती 'पांढरी' करायला निघतो. तो मळ नाही. तसंच, टवक्यात निळ्याखाली तपकिरी-पिवळा सनबर्स्ट (मध्ये पिवळा, कडेला गडद होत जाणारा रंग) दिसला म्हणून वरचा रंग खरवडून 'मूळ' रंग शोधायला जाऊ नका. फेंडरच्या कारखान्यातच कित्येकदा सनबर्स्ट मारून झालेल्या बॉडीवर दुसरा रंग मारलेला आहे.

झीज वाचायला शिका

टेबलावर गिटार ठेवा आणि नुसती बघा. उजव्या हाताचा कोपर टेकतो तिथे वरच्या कडेला रंग गेलेला. पाठीवर मधोमध पट्ट्याच्या बकलाचे ओरखडे. नेकच्या मागे पहिल्या तीन-चार फ्रेटपाशी (फ्रेट म्हणजे नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) लॅकर जाऊन गुळगुळीत झालेलं लाकूड, म्हणजे वाजवणारा बहुतेक तिथेच कॉर्ड धरून बसायचा. हेडस्टॉकवर तारांच्या टोकांजवळ काळा भाजल्याचा डाग, कारण जळती सिगारेट तारेत खोचून ठेवायची त्या काळी पद्धत होती. ही सगळी झीज हाताची आहे, तर्काला धरून आहे. जिथे हात, बक्कल, पट्टा पोचूच शकत नाही तिथे रंग गेलेला असेल तर मात्र भुवया उंचवा.

झिजलेल्या गिटारचं टोकाचं उदाहरण म्हणजे आयर्लंडच्या रोरी गॅलागरची १९६१ ची स्ट्रॅटोकास्टर. १९६३ मध्ये कॉर्क शहरातल्या दुकानातून त्याने ती सुमारे शंभर पौंडांना घेतली. मध्ये चोरीला गेली आणि पावसात खड्ड्यात पडलेली सापडली. त्याच्या घामाने सनबर्स्टचा बहुतेक सगळा रंग गेला, नुसतं लाकूड उरलं. त्याने ती रंगवली नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये लंडनच्या बॉनहॅम्सच्या लिलावात ती ८,८९,४०० पौंडांना गेली आणि आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाला भेट दिली गेली.

अर्थात तो गॅलागरचा घाम होता. तुमच्या गिटारवर कुण्या अनोळखी माणसाचा आहे, त्याचे वेगळे पैसे कुणी देणार नाही. पण १९९५ पासून फेंडरचं कस्टम शॉप नव्या गिटार मुद्दाम घासून, भाजून, गंजवून 'रेलिक' म्हणून चढ्या भावाने विकतंय. एकीकडे लोक पैसे मोजून टवके पाडून घेतात आणि आपण फुकट मिळालेले बुजवायला निघतो.

आता या शांत झिजेपासून चालू असलेली बिघाडाची खूण वेगळी ओळखा. लॅकरचे पोपडे सुटून कडा वर उचललेल्या, बोट लावलं की तुकडा पडतोय. हेडस्टॉकच्या मानेवर, नटच्या (तारा मानेवर टेकतात ती छोटी पट्टी) मागे, तिरकी भेग. बाइंडिंग, म्हणजे कडेची प्लास्टिकची पट्टी, सुटून बाहेर आलेलं. पिकगार्ड, म्हणजे तारांखालचा प्लास्टिकचा पत्रा, आकसून स्क्रूपाशी तडकलेला. केस उघडल्यावर कुबट वास आणि पांढुरकी बुरशी. रंगाला कुठेतरी चिकटपणा. हे तसंच ठेवलं तर वाढत जातं, म्हणून इथे काहीतरी करावंच लागतं. बाकीचं जे तीस वर्षं आहे तसं आहे ते पुढची तीस वर्षंही राहील.

मळ काढणं

हे काम मात्र प्रत्येकाने करावं, आणि निम्म्या वेळा 'रंग खराब झालाय' म्हणून आलेली गिटार नुसती मळलेली निघते. तारा काढा. ब्रिजची, म्हणजे बॉडीवर तारा टेकतात त्या धातूच्या भागाची, उंची आधी मोजून लिहून ठेवा, मग ब्रिज उचला. खाली जो काळा थर दिसेल तो कित्येक वर्षांचा घाम, कातडी आणि धूळ. आधी कोरडा, मऊ रंगाचा ब्रश. आख्खा मळ सैल झाला की सुती, धुऊन मऊ झालेलं फडकं. जुन्या धोतराचा तुकडा उत्तम. मी त्याच्यासाठी आजोबांचं एक जपून ठेवलंय.

मग आरशावर करतो तसं 'हाऽऽ' करून वाफ सोडा आणि पुसा. त्याने निघालं नाही तर फडक्याचं टोक किंचित ओलसर, पिळून. तरीही नाही, तर थुंकी. हसू नका, चित्रांची निगा राखणारे संग्रहालयातले लोकही कापसाच्या बोळ्याला लाळ लावून मळ काढतात. लाळेतली एन्झाइम मळ सोडवतात.

चिकट डिंक, सिगारेटच्या धुराचा पिवळा थर, जुनं मेण यासाठी लायटरमध्ये भरायचं इंधन, म्हणजे नॅफ्था. नीट वाळलेल्या नायट्रोला ते सहसा काही करत नाही. तरी आधी आड बाजूला, पिकगार्डच्या खाली दडणाऱ्या जागी, एक थेंब लावून बघा. खिडक्या उघड्या, देवघरातला दिवा विझलेला, स्वयंपाकघर लांब. ते पेटतं, ही गोष्ट सांगायची गरज नसावी, तरी सांगतो. कापसाच्या बडवर घ्या, छोट्या जागेत फिरवा, दर वेळी नवीन बड. बडवर काळं-तपकिरी आलं तर चालू ठेवा. गिटारचा रंग आला तर थांबा, तिथल्या तिथे. माझ्या एसजीच्या वेळी मी बोळ्याकडे बघितलंच नव्हतं.

जे वापरायचं नाही ते: थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर, स्पिरिट आणि हातावर चोळायचं सॅनिटायझर. ही सगळी नायट्रोला मऊ करतात. मोटारीचं सिलिकॉन असलेलं पॉलिशही नको, कारण ते लाकडाच्या भेगांत उतरतं आणि पुढे कधी रंग द्यायची वेळ आली तर नव्या थरात माशाच्या डोळ्यासारखी गोल भोकं पडतात. भेगाळलेल्या नायट्रोवर कुठलंच मेण चोळू नका, ते भेगांत बसून पांढरं पडतं आणि मग काढता काढता जीव जातो. हेडस्टॉकवरच्या नावाच्या चिकटचित्राला तर हातच नको. जुन्या फेंडरवर ते बरेचदा लॅकरच्या वर असतं आणि दोनदा जोरात पुसलं की 'फेंडर'चं 'फेंड' होतं.

फ्रेटबोर्ड, म्हणजे नेकची बोटं ठेवायची बाजू, काळ्या-तपकिरी लाकडाचा असेल तर नॅफ्थाने पुसून वर्षातून एकदा मिनरल ऑइलचा एखादा थेंब. खोबरेल नको, ते खवट होतं आणि पुण्याच्या डिसेंबरमध्ये थिजतं. मेपलचा पिवळसर फ्रेटबोर्ड असेल तर त्यावर लॅकर असतं. त्यातल्या काळ्या पडलेल्या घासलेल्या जागा म्हणजे लाकडात मुरलेला घाम. त्या घासून उजळ होत नाहीत, फक्त उरलंसुरलं लॅकर जातं.

धातू आणि प्लास्टिक

निकेलवर राखाडी झाक चढते, ती तशीच ठेवा. सोनेरी मुलामा असेल तर पितळेच्या भांड्यांची पावडर किंवा पॉलिश लावू नका, दोन हातांत मुलामा उतरतो. गंजलेले ब्रिजचे स्क्रू बाहेर काढून वाटीत गंज सोडवणाऱ्या तेलात रात्रभर ठेवा. ब्रिज गिटारवर असताना स्प्रे मारला की तेल लाकडात जातं. एखादा भाग बदलावाच लागला तर जुना झिपच्या पिशवीत, चिठ्ठी लावून, केसमध्ये. जुनी पिवळी बटणं, आकसलेला पिकगार्ड, वाकडे स्क्रू, काहीही फेकायचं नाही. मूळ स्क्रूंची पिशवी हरवलेल्या माणसाचा चेहरा मी बघितलाय.

टवके बुजवायचे का?

मूळ नायट्रो असलेल्या पहिल्या प्रकारात माझं उत्तर नाही. नवं लॅकर जुन्यात विरघळून मिसळतं, त्यामुळे एकदा भरलं की जुनं कुठे संपलं आणि नवं कुठे सुरू झालं हे परत वेगळं करता येत नाही. वर समपातळीत आणायला घासताना आजूबाजूचं पातळ लॅकर जातं. आणि जांभळ्या बत्तीखाली तो ठिपका सगळ्यांना दिसतो. कडेचा पोपडा सुटत असेल तर तेवढाच जागेवर चिकटवणं, तेही या कामात हात बसलेल्या माणसाकडून, हे मला मान्य आहे.

पॉलीच्या गिटारवर मात्र खुशाल करा. सत्तरच्या फेंडरचा टवका उडाला आणि तुकडा सापडला तर सगळ्यात आधी तो तुकडा जपा. पातळ सुपरग्लूचा थेंब टाकून तो परत बसवला तर सांधा शोधावा लागतो. तुकडा हरवला असेल तर हे असं:

टवक्यातली धूळ, तेल काढा. रंग जुळवा. नेलपॉलिशच्या दुकानात गिटार घेऊन गेलेला मी एकटाच नसेन. रंगाचा एक पातळ थर द्या आणि पूर्ण वाळू द्या. मग सुपरग्लू, दातकोरणीच्या टोकाने, थेंब थेंब, मध्ये वाळायला वेळ देत, खड्डा भरून किंचित वर येईपर्यंत. लवकर सुकवणारा स्प्रे टाळा, त्याने गोंद फसफसून आत बुडबुडे राहतात. दुसऱ्या दिवशी दाढीच्या ब्लेडच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी गुंडाळा, मधली एवढीच धार उघडी. त्या उघड्या भागाने उंचवटा हलकेच खरवडा. चिकटपट्टी असल्याने शेजारच्या रंगाला ब्लेड लागत नाही. शेवटी १५०० चा वॉटर पेपर, मग २०००, मग पॉलिश. पेपर भिजवायला पाणी अगदी थेंबाने, आणि स्क्रूच्या भोकांपाशी अजिबात नाही. भोकात पाणी गेलं की लाकूड फुगतं आणि टवका बुजवता बुजवता शेजारी तडा जातो. पहिला प्रयत्न गिटारवर करू नका. फळीच्या तुकड्यावर रंग मारून त्याला मुद्दाम टवका पाडा आणि त्यावर हात साफ करा.

पोचा असेल, म्हणजे लाकूड दबलंय पण रंग अखंड आहे, तर इस्त्री-ओल्या फडक्याचा सुतारी उपाय कच्च्या लाकडासाठी आहे. लॅकरवर केला तर वाफ अडकून पांढरा ढग येतो.

जे दुरुस्त करायलाच हवं

वाजण्याशी संबंधित झीज ही वेगळी गोष्ट आहे. झिजलेले फ्रेट, फुटका नट, खरखरणारा पॉट, ही गिटारची टायर-ब्रेक आहेत. चांगल्या कारागिराने बदललेले फ्रेट संग्राहकही समजून घेतात. फक्त मेपलच्या फ्रेटबोर्डवर फ्रेट बदलताना लॅकरही निघतं, त्याचा विचार आधी करा.

बहुतेक गिब्सनचा हेडस्टॉक मागे १४ ते १७ अंशांत झुकलेला असतो आणि केस पडली तरी मान तिथे मोडते. ती भेग ताबडतोब चिकटवून घ्या, तारांचा ताण आधी उतरवून. इथे गोंद महत्त्वाचा, रंग नाही. सांधा बसला, टिकला, की त्यावरची रेघ दिसू द्या. रेघ लपवायला मानेवर काळा पट्टा फवारला की घेणाऱ्याला वाटतं आत आणखी काहीतरी लपवलंय, आणि बरेचदा त्याचं वाटणं खरं असतं.

पूर्ण रंग कधी द्यावा?

चौथ्या प्रकारात. सत्तरच्या दशकात जुन्या गिटारचा रंग खरवडून लाकूड दाखवायची फॅशन होती. त्या लाटेत किती सुंदर सनबर्स्ट गेले कोण जाणे. अशी नागडी झालेली किंवा कुणीतरी ब्रशने ऑइलपेंट फासलेली गिटार असेल, तर मूळ किंमत आधीच गेलेली आहे आणि नीट दिलेला नायट्रोचा रंग तिला बरं रूपच देईल. तिसऱ्या प्रकारातही तुमची मर्जी. गिटार तुमची, वाजवणारे तुम्ही, गुलाबी करा.

एक मात्र. आपल्याकडे हे काम पावसाळ्यात काढू नका. फर्निचर पॉलिशवाल्यांना विचारा, जुलैमध्ये एनसी मारलं की हवेतला दमटपणा अडकून पांढरं पडतं. गिटारवरही तेच होतं. आणि नायट्रो हाताला कोरडं लागलं तरी पुढे कित्येक आठवडे आतून वाळत असतं. 'चार दिवसांत देतो' म्हणणारा माणूस दुसरंच काहीतरी मारणार आहे.

कुणाकडे द्यायची

मी तीन प्रश्न विचारतो. तुम्ही कुठलं लॅकर वापरता? आधी केलेलं काम, तेही बत्तीखाली, दाखवाल का? आणि हे काम करू नको असं तुम्ही शेवटचं कुणाला सांगितलं होतं? तिसऱ्या प्रश्नाला ज्याच्याकडे किस्सा असतो त्याच्याकडे गिटार ठेवायला हरकत नाही.

आमच्या भागातल्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याने मला सांगितलं होतं, 'साहेब, तुमची कंपनी पण गाडीचाच रंग मारायची ना, मग आपण का नाही?' माणसाचा मुद्दा चुकीचा नव्हता. फक्त तो आज जो मारतो तो दोन घटकांचा कडक रंग असतो, आणि त्याला आधी पृष्ठभाग 'साफ' करून लांबी (पुट्टी) भरायची सवय असते. लांबी भरलेली प्री-सीबीएस डोळ्यांसमोर आणून बघा.

रंगासाठी गिटार परदेशी पाठवायचा विचार असेल तर फ्रेटबोर्डचं लाकूड तपासा. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या फेंडरवर ब्राझिलियन रोझवुड असतं. ते १९९२ पासून साइटिस, म्हणजे दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, पहिल्या यादीत आहे, परवान्याशिवाय सीमा ओलांडता येत नाही. त्यानंतर आलं ते भारतीय रोझवुड, म्हणजे आपली शिसवी.

ठेवायची कशी

नवी झीज कमी करणं जुनी झाकण्यापेक्षा सोपं आहे. स्टँडच्या रबराने नायट्रो विरघळतं आणि तिथे कायमचा खळगा पडतो, म्हणून रबरावर सुती कापड गुंडाळा. व्हिनाइलचा पट्टा गिटारला लावून केसमध्ये ठेवू नका. वाजवून झालं की घाम पुसा, मुंबई-कोकणात तर नक्कीच. केसमध्ये दमटपणा मोजायचा छोटा काटा ठेवा, ४५ ते ५५ टक्के असला की झालं. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या चालतात. डांबरगोळ्या नकोत, त्यांच्या वाफा जुन्या प्लास्टिकला बाधतात.

चिठ्ठी

शेवटी केसच्या खिशात एक कागद. काय काय केलं, कधी, कशाने. फ्रेट बदलले तर तारीख, कारागिराने वापरलेला गोंद, बदललेल्या भागांची यादी, पहिल्या दिवशीच्या फोटोंची प्रिंट. विकताना हा कागद घेणाऱ्याच्या हातात आधी द्या, गिटार नंतर.

माझ्या एसजीच्या कागदावर पहिलीच ओळ अशी आहे: 'पाठीवर, खालच्या बाजूला, रुपयाएवढा डाग. एनसी थिनरने गेलेला. दुरुस्ती केलेली नाही. चूक मालकाची.'